गोळ्या आणि हरिसा

स्फाक्स, ४ ऑक्टोबर

ती. सौ. मोंजिया वन्संना सलवाचा सलाम वि. वि.

तीन वर्षं माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. तुमच्या उमैमालाही लाझहरसारखाच आतड्यांचा आजार निघाला आणि त्याच गोळ्या सुरू होणार, असं कळलं.

वन्सं, तुमच्या भावाला त्या गोळ्या घेऊन तिसरा आठवडा लागला आणि उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. मग तोंडात फोड, ताप, आणि सगळं संपलं. माझ्या हरिसाने, त्या मिरचीच्या ठेच्याने, आतडं जाळलं असं आई म्हणाल्या. मी वाद घातला नाही, आजही घालत नाही. फक्त डॉक्टरांना हे केसांचं सांगा. रक्त तपासल्याशिवाय पोरीला गोळी देऊ नका. पदर पसरून मागते.

उमैमाला पापा. तिला म्हणावं, घाबरू नकोस, सोबत हरिसा पाठवलेला नाही.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

सलवा

कैरवान, २३ ऑक्टोबर

चि. सलवा हिस अ. आ.

तुझं पत्र पाहून आधी डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ही कोण मला शिकवणार! पण पोरीची वेणी घालताना हात थांबला, आणि मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळ्या रोखून रक्त तपासलं. औषध वाईट नाही, बहुतेकांना मानवतं. पण आमच्या घरातल्या काहींच्या अंगात ते जिरत नाही, साचतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतं. हे जन्मतःच आईबापांकडून येतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चुलत-मावस भावंडांतच लग्नं लावणारे, त्यामुळे दोन्हीकडून आलं. लाझहरचंही तेच झालं असणार, असं डॉक्टर म्हणाले. उमैमाला दुसरं औषध सुईवाटे देतायत. काल तिने स्वतःहून भाकरी मागितली.

म्हणजे हरिसा निर्दोष. पण मग गोळ्या, आणि त्या तर तू, वेळ न चुकवता, आपल्या हाताने... इथे दोन दिवस लेखणी अडली. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हात तिचा होता, पण रक्त तर माझं. तिला म्हणावं, शुक्रवारी कुस्कुस जेवायला ये.

चुकलो गं आम्ही. लोभ करशील?

मोंजिया

स्फाक्स, ३० ऑक्टोबर

ती. सौ. वन्संना सलाम वि. वि.

उगाच दोन दिवस अडलात. गोळ्यांचं मला कधीच कळून चुकलं होतं. म्हणून तर हरिसाचा आळ मुकाट सोसला. खऱ्यापेक्षा तो खोटाच हलका वाटायचा. तुम्हाला लिहिलं की तो आडोसाही जाणार, हे ठाऊक होतं. पोर वाचली, मला पुरे.

शुक्रवारी येते. हरिसा आणते. पहिला घास आईंनी घ्यावा.

तुमची,
सलवा