आपल्या तळ्यातले न्यूट

प्रिय रोझलिंड,

काल फोनवर तू दोनदा विचारलंस, "आई, तुझा आवाज असा का येतोय?" आणि मी हवापाण्यावर बोलत राहिले. म्हणून हे पत्र. पहाटे पाचला उठून तुझ्या बाबांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, खुर्चीत बसवायचं. दुपारी पुन्हा तेच. पक्षाघाताला येत्या ऑगस्टात तीन वर्षं होतील. माझी पाठ त्यांच्याआधी जाणार असं वाटतं.

खाली त्यांच्यासाठी खोली आणि न्हाणी बांधायची तुझी कल्पना चांगलीच होती. जागा मात्र एकच, परसातल्या तळ्याची. बांधकामवाला म्हणाला, "आधी पाण्यातले ते पालीसारखे न्यूट कुठल्या जातीचे आहेत ते तपासून घ्या. तुरेवाले निघाले तर तळं बुजवणं विसरा, त्या जातीला कायद्याचं कडक संरक्षण आहे."

बेथन नावाची मुलगी आली तपासायला, गुडघ्यापर्यंत बूट, हातात जाळी. बाबांना मी चाकाच्या खुर्चीसकट काठावर नेलं. पहिल्याच न्यूटच्या पाठीवर झालर दिसली आणि मी ओरडलेच, "हाच ना तुरेवाला?" ती हसली. "सगळे असंच फसतात, मिसेस पेनफोल्ड. विणीच्या दिवसांत साधा नरसुद्धा नटतो. तुरेवाला याच्या दीडपट, काळा आणि खरबरीत असतो." तिने काचेच्या बरणीतून गळ्यावरचे ठिपके दाखवले. दुसऱ्याच्या गळ्यावर ठिपका नव्हता. मागच्या पायांना बदकासारखे पडदे, शेपटीचं टोक दोऱ्याएवढं बारीक. तीही साधीच जात. मग पाण्यातली दुमडलेली पानं उलगडून आतली अंडी पाहिली. करडी. तुरेवाल्याची पिवळट असतात म्हणे.

एप्रिल-मे मिळून ती चार वेळा आली. दर वेळी मी तिच्या मागेमागे, जाळीत वाकून बघत. तिला वाटलं असेल, म्हातारीला केवढी हौस! चौथ्या खेपेला म्हणाली, "आनंदाची बातमी. एकही तुरेवाला नाही. खुशाल बांधा." बाबांना कळलं. वाकड्या ओठांनी ते मोठ्या कष्टाने म्हणाले, "बरं... झालं." मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप पुन्हा धुतले.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन करून सांगितलं, की तुरेवाले सापडले, खोली होणार नाही. तू बिचारी म्हणालीस, "इलाज नाही आई, शुश्रूषागृहच बघू." त्या रात्री मी किती दिवसांनी सलग झोपले.

सोमवारी त्यांना न्यायला गाडी येईल. खोली बांधून होईपर्यंतच जायचंय अशी त्यांची समजूत आहे, आणि ती मी मोडलेली नाही. बेथनचा खरा अहवाल सोबत ठेवलाय. वाच, रागाव, हवं तर बांधकामवाल्याला परत बोलाव. पण रोझ, खोली झाली तरी त्यांना उचलणारं दुसरं कुणीतरी लागेल. मला आता उचलवत नाही. एवढं एक वाक्य तुला सांगायला मला जमलं नाही, म्हणून मी न्यूटचं नाव पुढे केलं.

तुझीच,
थकलेली आई