कोपऱ्यातली पळी

प्रिय भिंगरे,

पत्र बघून दचकू नकोस. आजी एकाएकी शहाणी झालेली नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई लिहून घेताहेत. त्यांची ड्यूटी दुपारी, म्हणून सकाळ माझ्या वाट्याला आली. अक्षर मुंग्यांसारखं आहे म्हणे, औषधांच्या चिठ्ठ्यांचा गुण लागला असेल. हेही त्यांनी लिहिलं, आणि वर हसल्या.

माझं बरं चाललंय. जेवते, झोपते, जिना उतरून दूध आणते. आजोबांना जाऊन चार महिने झाले, पण डोळ्यांतून टिपूस नाही. तुझा बाप फोनवर म्हणतो, आई, एकदा रडून घे. जसं काही मी रडू डब्यात झाकून ठेवलंय आणि त्याला वाढत नाहीये. रडू येत नाही, आणि येत नाही याचंही काही वाटत नाही. परवा इस्त्री हाताला लागली, ते फोड आल्यावर कळलं. इस्त्री कशाची करत होते ते विचारू नकोस. त्यांचाच शर्ट होता.

त्यांच्या शब्दांच्या कार्डांनी भरलेले बुटांचे खोके अजून खिडकीखाली आहेत. लहानपणी तू त्यांची आगगाडी करायचीस आणि आजोबा हताश होऊन बघत बसायचे. शब्दकोशाच्या कचेरीत त्यांची चाळीस वर्षं गेली, त्यातली शेवटची सहा एका इंग्रजी शब्दापायी. सेट. एवढासा शब्द, शिंकेएवढा, पण त्याचे अर्थ काही संपेनात. आपल्याकडे प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द हवा. सूर्य मावळतो, मोडलेलं हाड बसवतात, गजर लावतात, टेबल मांडतात, अंगठीत खडा जडवतात, तारीख ठरवतात. सहा कपांचा संच होतो, आणि दातांचा संच म्हणजे कवळी. ती तर रोज रात्री पेल्यात असायचीच, साक्षीला दुसरं कोणी बोलवायला नको.

कचेरीतल्या विद्वानांनी सिमेंटसाठी घनीभवन असं काहीतरी लिहून दिलं होतं. मी म्हटलं, गवंड्याला असं सांगाल तर तो घमेलं टाकून पळेल. सिमेंट धरतं. आजोबांनी तसंच लिहिलं. तेव्हापासून अडलं की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. इंग्रजी वाक्याचा अर्थ समजावून सांगायचे आणि विचारायचे, याला तू काय म्हणशील? मी कधीच लगेच सांगत नसे. उद्या सांगते म्हणायचे. शब्द ओठावर असला तरी. शिकलेल्या माणसाला एक रात्र ताटकळत ठेवायची मजा तुला नाही कळायची, तू शिकलीस ना.

कार्डाची त्यांची एक पद्धत होती. वर इंग्रजी वाक्य, मध्ये आपला शब्द, खाली उजव्या कोपऱ्यात तो शब्द कोणी दिला ते. गवंडी, घड्याळवाला, हाडवैद्य. माझा शब्द असला की तिथं ते छोटीशी पळी काढायचे. नाव लिहिलं तर मला कुठलं वाचता येणार? कार्डं पसरली की माझी मला ओळखू यायची. चित्रकला मात्र बेताची. निम्म्या पळ्या झाडूसारख्या दिसतात.

शेवटच्या संध्याकाळी मी भांडी घासत होते. ते दारात आले, हातात कार्ड. म्हणाले, माणसाचा चेहरा एकाएकी हलेनासा होतो, रागानं नाही, दुःखानंही नाही, त्यालाही इंग्रजीत सेटच म्हणतात. याला तू काय म्हणशील? मी म्हटलं, “तुमच्यासारख्याला मी ढिम्म म्हणते. बाकी उद्या.” ते हसले आणि गेले. सकाळी लवकर निघाले, आणि कचेरीच्या जिन्यातच पडले.

संपादकसाहेबांचे तीन फोन आले. सेटची पानं एका कार्डावाचून अडली आहेत, आजी, ते सापडतंय का बघा, नाहीतर आम्ही कुठलातरी शब्द घालतो. मी तिन्ही वेळा सांगितलं, सापडत नाही. खोटं सांगितलं, भिंगरे. इस्पितळातून त्यांचा कोट आला तेव्हाच खिशात कार्ड होतं. ते माझ्या चष्म्याच्या घरात आहे. ते दिलं की पानं छापून होतील आणि आजोबांचं काम संपेल. चार महिने मी ते संपू दिलं नाही, एवढंच.

थंडी फार पडलीय. आज सकाळी केसांच्या तेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडेना. बाटली हातात धरून बसले, आणि समोर आरशात माझं तोंड दिसलं. थिजलेलं. शब्द त्याही संध्याकाळी हाच होता. थिजणे. मी तो ओठावर धरून ठेवला होता.

म्हणून हे पत्र. कार्ड पाकिटात घातलंय. मधली जागा कोरी आहे, तिथं थिजणे असं लिही आणि तूच कचेरीत नेऊन दे. नर्सबाई म्हणाल्या, मीच लिहिते की आत्ता. मी नको म्हटलं. तुझा थ आजोबांनी मांडीवर बसवून गिरवून घेतला होता, तो त्यांच्या थसारखा येतो असं तेच म्हणायचे. साहेबांनी विचारलं, हा शब्द कोणी दिला, तर काही सांगत बसू नकोस. खालचा उजवा कोपरा दाखव. शब्द मिळायच्या आधीच त्यांनी तिथं पळी काढून ठेवली होती.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी