लिटरभर पाण्याला एक चमचा

प्रिय बुटके,

माझ्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या बाईला मी तीस वर्षं बुटकी म्हणत आले आणि तू मला मास्तरीण. आजही तेच नाव लिहिते. खरं नाव लिहायला घेतलं की ते मला तुझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसतं आणि हात अडतो. हो, पुस्तक मला माहीत आहे. वाचकांची ऑर्किडं जळाल्याची पत्रं येतायत, प्रकाशक आता शुद्धिपत्र छापणार आहेत, आणि चूक मुद्रितं तपासणाऱ्याची, असं तू त्यांना फोनवर सांगितलंस, तेही माहीत आहे. आता हेही ऐकून ठेव, ती मुद्रितं तपासणारी मीच.

तू शेजारचं घर सोडून मुलीकडे राहायला गेलीस त्याला दोन वर्षं झाली. दर रविवारी आपण फोनवर बोलतो. तुझा गुडघा, जावयाचं घोरणं, नवीन घरातला नळ, सगळं मला तोंडपाठ आहे, पण पुस्तकाबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. मी घरबसल्या मुद्रितं तपासते हे तुला ठाऊक होतं. कुणाकुणाची तपासते, हे मात्र तू कधी विचारलं नाहीस. गेल्या वर्षी प्रकाशकांकडून पाकीट आलं, मी चष्मा पुसून पहिलं पान काढलं, तर ‘घरातली ऑर्किडं’ आणि खाली तुझं नाव. तुला खोटं वाटेल, पण मला आधी आनंदच झाला. आपली बुटकी लेखिका झाली म्हणून मी एकटीच हसले. तुला फोन लावणार होते, म्हटलं, आधी वाचून तर काढू.

लिहिलंयस झकास, ते नाकारत नाही. मला चार ओळींचा निरोप धड लिहिता येत नाही आणि तू कुंडीत घालायच्या सालीच्या तुकड्यांवर, कोळशावर पानंच्या पानं हसवत नेतेस. पण खताचं प्रकरण आलं आणि मी तेच पान दोनदा वाचलं. अगं, ते सगळं माझ्या वहीतलं होतं. कोरड्या मुळांना खत कधी द्यायचं नाही, आधी साधं पाणी घालून मुळं हिरवी होऊ द्यायची. पुडीवर लिहिलंय त्याच्या पाव मापाने, पण दर आठवड्याला द्यायचं. महिन्याचा शेवटचा आठवडा नुसत्या पाण्याचा, म्हणजे खताचे साचलेले क्षार धुऊन जातात. नवीन पान किंवा मूळ फुटत नसेल तेव्हा हात आवरायचा. या चार वाक्यांसाठी मी अकरा झाडं मारलीत. एकेक मेलं की मी दिवसभर कुणाशी बोलत नसे, आणि तू वाटीत काहीतरी गोड घेऊन यायचीस. ते तू विसरली असशील असं मला वाटत नाही.

वही वापरलीस, वापर. मागितली असतीस तर वर चहा करून दिली असती. मनोगतात तू नवऱ्याचे आभार मानलेस, रोपवाल्याचे मानलेस, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचेसुद्धा मानलेस, कारण त्याने एकदा कुंड्या वर आणून दिल्या होत्या. माझे नाहीत. तेही मी गिळलं असतं. पण पान एकेचाळीस! तिथे तू एक शेजारीण आणलीस. ‘ही झाडं रानात हवेवर जगतात, त्यांना कसलं खत घालतेस, उगाच लाड,’ असं म्हणून नाक मुरडणारी, हटवादी, अर्धवट ज्ञानाची. आणि तिला समजावणारी, हळूहळू वळवणारी शहाणी तू. बुटके, ते वाक्य तुझं होतं. माझ्या खिडकीपाशी कमरेवर हात ठेवून तू ते म्हणाली होतीस, आणि तुला पटवायला मला अख्खं वर्ष लागलं होतं. एकाच वेळी लावलेली दोन झाडं, एकाला खत, एकाला नाही, शेजारी शेजारी ठेवून दाखवली तेव्हा कुठे तू मानलंस. तू माझी वही घेतलीस याचं दुःख आहेच, पण तू माझी जागा घेऊन मला तुझ्या जागी बसवलंस, हे मला अजून सहन होत नाही. लोक त्या शेजारणीला हसतात म्हणे.

आता चमच्याचं. आपला चमचा म्हणजे माझ्या मुलाच्या लहानपणी औषधाच्या बाटलीबरोबर आलेला, करंगळीच्या नखाएवढा. तो आपण इतकी वर्षं वापरला की ‘छोटा’ म्हणायची गरजच उरली नव्हती. माझ्या वहीतही नुसतं ‘लिटरभर पाण्याला एक चमचा’ एवढंच आहे. तू ते जसंच्या तसं उतरवलंस. वाचणाऱ्यांनी घरातला चहाचा चमचा घेतला, म्हणजे जवळजवळ दहापट. मुळं काळी पडली, पानं लोळली. ‘छोटा’ हा शब्द मुद्रितात गळला, असं तू प्रकाशकांना सांगितलंस. मुद्रितांबरोबर आलेली तुझ्या हस्ताक्षरातली मूळ प्रत अजून माझ्याकडे आहे. तिच्यात तो शब्द कधीच नव्हता.

ही प्रत बघायला प्रकाशक शुक्रवारी सकाळी माझ्याकडे येणार आहेत. ती त्यांच्या हातात ठेवली की मी सुटते आणि तू खोटी ठरतेस, इतकं ते सोपं आहे. पण मला तसं सुटता येत नाही, आणि म्हणूनच हे पत्र. मुद्रितं तपासताना चमच्याच्या त्या ओळीशी मी थांबले होते. चमचा कोणता हे जगात दोघींनाच माहीत होतं, त्यातली एक मी. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मग पान एकेचाळीस पुन्हा वाचलं आणि ते चिन्ह खोडून टाकलं. पुस्तकभर मी तुझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि ती एक ओळ जाणूनबुजून सोडली. हे मी त्यांना सांगणार आहे. माझं काम जाईल, जाऊ दे. पण मला चमच्याचं माप कसं माहीत, असं ते विचारतील, आणि मग ती वही कुणाची आणि शेजारीण कोण, हे सांगावंच लागेल. ते त्यांना तुझ्या तोंडून कळावं असं मला वाटतं. गुरुवार संध्याकाळपर्यंत वाट बघते.

तुझीच,
पान एकेचाळीसवरची शेजारीण