कोरड्या कपाटातलं मलम

तीर्थरूप आत्यास,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुझी साखर कशी आहे? (रक्तातली. डब्यातली तू कुठे लपवतेस ते आतोबांना कळलंय.)

कळवायला अत्यंत दुःख होतं की आमच्या कारखान्यात माझ्या श्वासावर बंदी आली आहे. भिंतीवर तसा कागदच लावलाय. आम्ही हवेतली ओल मोजणारे सेन्सर बनवतो. नखाएवढी चकती, तिच्यावर सोन्याच्या बारीक रेघा आणि रेघांवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा प्लास्टिकसारखा लेप. लेप ओल पितो, आकडा चढतो. ओल सोडतो, आकडा उतरतो. (आपल्या घराण्यात इतकं शिस्तीने पिणारं कुणी निपजलं नाही.) नियमाने तपासायचं तर चकती मिठाच्या पाण्याच्या बंद बरणीत ठेवावी लागते. पण वीस वर्षं आम्ही ती तोंडासमोर धरून 'हाऽ' करत आलो; आकडा चढून उतरला की पास. आता म्हणे 'हाऽ' बंद.

कारण चारशे चकत्या बिघडल्या. कोरड्या हवेतही आकडा खाली येईना. लेप लावणाऱ्या बाईंना (आम्ही त्यांना लेपताई म्हणतो) साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "लेप लावलात की भिंत लिंपलीत?" ताई म्हणाल्या, "हात एवढा जड असता साहेब, तर सासूने स्वयंपाकघर केव्हाच काढून घेतलं असतं." सगळे हसले, साहेब सोडून. शुक्रवारपासून ताईंना घरी बसवणार आहेत. पत्रकावर दोषी म्हणून त्यांचं नाव लिहून झालंय. तपासनीस म्हणून माझी सही तेवढी बाकी आहे.

आता तू गुडघ्यांसाठी पाठवलेल्या मलमाकडे येतो. मलम उत्तम आहे. गुडघे आहेत तसेच आहेत, पण माणसं लांब राहतात. साहेबांनी डबी खोलीत ठेवायला मनाई केली, घरी तुझ्या भाचेसुनेने आधीच केली होती, आणि झाकण मी हरवलं. वास बाहेर न सोडणारी एकच जागा उरली: तपासणीआधी चकत्या ठेवायचं कोरडं कपाट. महिनाभर डबी तिथे होती आणि वास खरंच बाहेर आला नाही. कुठे गेला ते सोमवारी बिघडलेली चकती नाकाशी धरली तेव्हा कळलं. जो लेप ओल पितो तो तुझ्या मलमातला कापूरही पितो, आणि प्यायल्यावर सोडत नाही.

मी कुणाजवळ बोललो नाही. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत. या गुडघ्यांना दुसरीकडे कोण उभं करणार? ताईंचा नवरा कमावतो अशी मनाची समजूत घातली होती. चौकशी केली तर तोही घरीच. (चौकशी करू नये.) ताई रोज विचारतात, "भाऊ, तुम्हाला तरी वाटतं का हो माझा हात चुकला?" मी "बघू" म्हणून गुडघा चोळतो. तर गप्प बसायचं ठरवलंय. आतोबांना नमस्कार.

तुझा नालायक भाचा

ता. क. मलमात कापूर किती आणि आणखी काय काय घातलंस, ते उलट टपाली कळव. साहेबांना लेखी हवंय. नुसता कापूर असेल तर चकत्या भट्टीत शेकून वाचतील, तेल असेल तर नाही, असं म्हणतात.

आणखी ता. क. हो, सांगितलं. पत्रकावर ताईंचं नाव खोडून माझं घातलं. माझं काय करायचं ते शुक्रवारी ठरेल. निघताना ताईंना त्यांचं राहिलेलं उत्तर देऊन टाकलं, "हात तुमचा नव्हता चुकला."  त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो.