कवडीला पाठवते आहे

पळसदरी,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. नम्रता,

आशीर्वाद. घरी सगळं ठीक आहे. भात झोडून झालं, पेंढा रचला. मनोज साजगावला कामावर वेळेवर जातो. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तिला खाली बसून कामं करू देऊ नकोस. तुझ्या भावाला, प्रवीणलाही सांग, आईला मदत करण्याने मुलाचा मान कमी होत नाही.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे. उजवं मनगट दुखावलं, पडवीत घसरले. विशेष काही नाही.

हे पत्र विमलबाईंच्या सुनेच्या, भाग्यश्रीच्या हाती देते आहे. तिच्याजवळ टोपली आहे. टोपलीत तुझी कोंबडी, कवडी आहे. घाबरू नकोस, जिवंत आहे. आधी तिला पाणी दाखव, मग पुढचं वाच.

दिवाळीनंतर तिच्यावर मुंगसाने झडप घातली. निदान आम्ही तसं धरून चाललो. मी मागच्या दारी भांडी घासत होते, ओरडणं ऐकून धावले. लाकडांच्या ढिगाशी पडली होती. पंखापासून शेपटीपर्यंत कातडी सोललेली, आतलं लाल मांस दिसत होतं. मला वाटलं, संपलं. पण डोळा उघडा होता आणि त्या डोळ्याने ती माझ्याकडे बघत होती.

मी जखमेभोवतीची पिसं कातरली, कोमट मिठाच्या पाण्याने धुतलं, खोबरेलात हळद कालवून लावली. पडवीत पेंढ्यावर ठेवून वर टोपली घातली. चोच उघडेना, म्हणून कापसाच्या बोळ्याने पाणी पाजलं. विमलबाई कुंपणावरून बघत होत्या.

“काय गं वनिता, बी.ए.ला हेच शिकवलं व्हय? कोंबडीला बोळ्यानं पाजायचं? रस्सा कर नि मोकळी हो.”

“तुम्हाला रस्सा हवा असेल तर तुमचा कोंबडा द्या,” म्हटलं.

“माजा कोंबडा कशाला? तो धडधाकट हाय.”

मग मी बंदोबस्त केला. खुराड्याखालचं भोक दगडांनी बुजवलं. कुंपणाला नवी जाळी लावली. मनोजने सापळा आणला. आणि कुत्र्याला, काळ्याला, कवडीच्या टोपलीजवळ राखणीला बसवलं. तोही शहाण्यासारखा पंजांवर तोंड ठेवून बसून राहायचा.

कवडी सुधारत होती. तांदळाची कणी टिपायला लागली होती. एका दुपारी मी कपडे वाळत घालून पडवीत आले, तर टोपली उपडी आणि काळ्याच्या तोंडात पिसं. मुंगूस कधी आलंच नव्हतं, नम्रता. मी बाहेरची सगळी भोकं बुजवली, आणि ज्याने फाडलं त्यालाच राखणीला बसवलं.

मनोज कामावरून आला तेव्हा सांगितलं. त्याने पिल्लापासून वाढवलेला कुत्रा, त्याला पटेना.

“काळ्या असं करनार नाय, आई. खेळला असंल.”

“दुसऱ्यांदा पाठ सोललीय तिची.”

“मग तिनं कशाला त्याच्यासमोर फडफड करायची?”

या घरात असलं वाक्य मी आधीही ऐकलं आहे. तुझ्या खांद्याचं हाड मोडलं त्या दिवशी. डॉक्टरांना तू म्हणालीस, घसरले. मी शेजारी उभी होते. मी म्हटलं, हो, पडवी ओली होती.

काळ्याला मी साखळीने बांधलं. त्याला बांधता येतं.

तू माहेरी गेल्यापासून मनोज माझ्याशी फार गोड बोलत होता. परवा वही-पेन घेऊन समोर बसला. “आई, तिला चार ओळी लिही. कवडी मरायला टेकलीय, तुझी वाट बघतेय, असं लिही. मी बोलवलं तर यायची नाय. तुझं ऐकंल ती.”

“कवडी बरी होते आहे. मी खोटं लिहिणार नाही.”

“लिहिनार नाय?”

“नाही.”

त्याने पेन माझ्या मुठीत कोंबलं आणि मूठ पिरगळली. जन्म दिला, लहानाचा मोठा केला, पण त्याच्या हातात किती जोर आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं.

म्हणजे मी पडवीत घसरले नव्हते. आणि सुरुवातीला ‘सगळं ठीक’ लिहिलं आहे, ते सवयीने लिहिलं. फोन केला असता, पण माझा फोन आता त्याच्या खिशात असतो. त्यावरून माझ्या नावाने निरोप आला, तर तो माझा समजू नकोस.

आता कवडीचं. जखमेवर माशी बसू देऊ नकोस. हळद-तेल रोज लाव. पाठीवर पिसं येईपर्यंत दुसऱ्या कोंबड्यांत सोडू नकोस, त्या उघड्या जखमेवर टोचतात. अंड्याची आशा इतक्यात धरू नकोस. कुत्रा भुंकला की अंग चोरून घेते. ते जाईल की नाही, मला सांगता येत नाही.

ती तुझ्याकडे पोचली, म्हणजे तुला बोलवायला इथे काही उरलं नाही. येऊ नकोस. तो रडला तरी येऊ नकोस. मी आजारी आहे असं कळलं तरी नको. मी गेले असा निरोप आला, तर आधी प्रवीणला पाठवून खात्री करून घे.

पत्र वाचून चुलीत घाल. उत्तर लिहू नकोस. भाग्यश्रीजवळ रिकामी टोपली परत दे, म्हणजे मला समजेल. टोपली कुठे गेली होती असं त्याने विचारलं, तर काय सांगायचं ते मी बघेन. मी इथेच आहे. काळ्याला दोन वेळची भाकरी घालायला कुणीतरी लागतं.

खाली काय लिहावं हे मघापासून ठरत नाही. ‘तुझी’ लिहायला हात धजत नाही. जी आहे ती लिहिते.

मनोजची आई