नऊ बेटं, अकरा दिवस

४ मे, सोमवार. सकाळी ७
पहिल्या बेटावर पाऊल ठेवलं. मोहीम: अकरा दिवसांत नऊ बेटं. तीही साडूने एका बेटाच्या पॅकेज टूरला जेवढे मोजले त्याच्या निम्म्यात. साडू एसी बसच्या काचेतून बेट बघून आला. त्याला प्रवास म्हणत नाहीत, पार्सल म्हणतात.

हिला पंधराला शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू व्हायचंय. बावीस वर्षं खडू झिजवून मिळालेली खुर्ची. तारीख चुकली तर दुसऱ्या बाई टपलेल्याच आहेत. दिवसातून चारदा आठवण करून देते. म्हणालो, चौदाला घरी. ती गप्प बसली. म्हणजे पटलं.

दुपारी ३
दुसरं बेट! बोटीचं तिकीट अव्वाच्या सव्वा. बंदरावर एक मासेमार गाठला. विचारलं, पलीकडे सोडशील? म्हणाला, पलीकडे ना? सोडतो. पाव किमतीत! अडीच तास होडी डोंगराच्या कडेकडेने. हिला उलट्या, पूर्ण वेळ डोळे मिटून. मी ताठ उभा.
नियम: इथल्या लोकांना जास्त काही विचारायचं नाही. विचारलं की आपण नवखे हे कळतं आणि दर चढतात.

६ मे, बुधवार
खोली दहा बाय आठ, वर पत्रा. खिडकी उघडली की हातभर अंतरावर मालकीणबाईंच्या कोठीची भिंत. पुढे चिमूटभर वाळू, दोन्ही बाजूंना काळे खडक, पाठीशी डोंगर. फोनला रेंज नाही. वारा सुटलाय, होड्या बंद. तिसरं बेट उद्या.

८ मे, शुक्रवार
वारा. होड्या वाळूवर पालथ्या. हिने विचारलं, आता? म्हणालो, याला स्लो ट्रॅव्हल म्हणतात, लोक यासाठी जास्तीचे पैसे मोजतात. म्हणाली, कोण लोक?
चपला झटकायला बाहेर गेलो. वाद वाढवायचा नसतो.

१० मे, रविवार
पलंगापासून दारापर्यंत सहा पावलं. दारापासून पलंगापर्यंतही सहाच.
ही दिवसभर मालकीणबाईंपाशी, मासे निवडत बसते. बजावलं, सलगी नको, बिल फुगेल. म्हणाली, "अहो, तुमच्याशिवाय कुणाशी बोलले नाही तर वेड लागेल मला." विनोदबुद्धी शाबूत आहे. बरं वाटलं.

१२ मे, मंगळवार. सकाळी ६
ही बॅग भरून उभी. म्हणते, डोंगरावर साडेसहाला बस येते, ती बंदराला जाते, मालकीणबाईंनी सांगितलं, चला. पोट धरून हसलो. अगं, बंदर पहिल्या बेटावर. मधे समुद्र. बस काय पोहत जाणार? अडीच तास पाणी कापत आलो ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. तू मिटले होतेस.
म्हणाली, "येताय की नाही?"
म्हणालो, ये फिरून. येताना साबण आण.
बराच वेळ दारात उभी राहिली. मग गेली.
जाईल कुठे? बेटच आहे.

संध्याकाळी ६
आली नाही. रुसली असणार.

१३ मे, बुधवार
मालकीणबाई सांगत आल्या, बसच्या ड्रायव्हरकडे निरोप आलाय, बाई बंदरावर थांबल्यात, तुम्हाला बोलावलंय. मी मंद हसलो. बिचारीला भूगोल ठाऊक नाही. ही बहुधा टेकडीवरच्या कुणाकडे तरी उतरली असेल. राग शांत झाला की येईल. आपण माघार घ्यायची नाही.

१४ मे, गुरुवार
पुन्हा तेच. आज शेवटचं थांबतायत म्हणे. डाव ओळखला. खोलीसाठी दुसरं गिऱ्हाईक आलेलं दिसतंय, शिवाय बसवाल्याकडून कमिशन. ठाम राहिलो.
सहा पावलं. आज मोजणं सोडून दिलं.

१५ मे, शुक्रवार
हिची तारीख. मालकीणबाईंनी ताट ठेवलं. आज निरोप नव्हता. दोन घास गेले. उकाडा असावा. खोली अचानक मोठी वाटते. सहाची सात पावलं झाली.

१८ मे, सोमवार. दुपारी २
वारा पडला. होड्या निघाल्या, सगळ्या मासे धरायला. तिसऱ्या बेटाला नेता का, विचारलं. एकजण म्हणाला, तिसरं? इथून जवळचं दुसरं बेट आहे ना, त्यालाच मोठी बोट लागते.
डोंगर चढलो. व्यायाम म्हणून. दुपारची बस उभी होती. बसलो. टेकायला म्हणून.
चाळीस मिनिटं. एका वळणावर खाली बंदर दिसलं. तोच धक्का, तोच निळा पाण्याचा टँकर. चहावाल्याने ओळखलंही. म्हणाला, साहेब, पलीकडची बाजू बघून आलात? छान आहे ना?
छान आहे, म्हणालो.

फोनला रेंज आली. तो थरथरतच राहिला.
बारा तारीख: 'बंदरावर आहे. चारच्या बोटीपर्यंत थांबते. या.'
तेरा: 'कालची सोडली. आज याल ना?'
चौदा: 'आता जावंच लागेल. बोटीची शिडी काढायला लागलेत. अजून खालीच उभी आहे.'
पंधरा: 'रुजू झाले.'

फोन लावला. वाटलं, आता बरसणार. म्हणाली, "जेवलात का?"
हो म्हणालो. खुर्ची कशी आहे, विचारलं. म्हणाली, जरा डुगडुगते, पाचर मारून घेतली. मग मीटिंग आहे म्हणून ठेवला.

दुपारी ३
चारच्या बोटीच्या रांगेत. खिडकीतल्या बाईने विचारलं, किती? एक. ती म्हणाली, एकटेच होय? गेल्या आठवड्यात एक बाई रोज दोन तिकिटं काढायच्या. बोट सुटायच्या आधी दोन्ही परत करायच्या. शेवटच्या दिवशी मात्र एकच परत केलं.
मागे रांग होती. बाजूला झालो.