माझा रेझर कोण वापरतंय

छोटे,

मी कामावर निघाले. माझा रेझर रोज सकाळी ओला कसा असतो, ते आधी सांग. बाबांचा वेगळा आहे आणि मी तर फक्त रविवारी हनुवटीवरून फिरवते. कपाटातलं तुझं पॅडचं पाकीटही चार महिने फोडलेलं नाही. विचारलं की "काही नाही गं ताई" म्हणतेस आणि बाथरूमची कडी लावून घेतेस. मला भलतीच शंका आली होती, खोटं कशाला बोलू. पण काल रेझरमध्ये अडकलेले केस बघितले आणि ट्यूब पेटली. तुझ्या वयात मीही अशीच लपवालपवी केली, म्हणून पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड आहे हे कळायला सहा वर्षं गेली.

चार वाजता माझ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. आज हनुवटी साफ करू नकोस. त्यांना दिसू दे.

ताई